कोंबड्यांसाठी कंदील

त्या हिवाळ्यात आवडाबाईला कोणी विचारलं असतं, की बाई, देव पुढ्यात उभा आहे, काय मागतेस, तर तिने एका रात्रीची पुरती झोप मागितली असती आणि मागता मागता दोनदा जांभई दिली असती. मग लगेच जीभ चावून म्हणाली असती, झोप राहू दे, माझ्या तुळशीला तेवढी उठव.

तुळशी तिची सून. मुलगा चंदर मुंबईला गोदीत कामाला आणि आगरदांड्याच्या अलीकडच्या वाडीत, खाजणाच्या, खाऱ्या दलदलीच्या, काठावरच्या घरात ह्या दोघी. भाद्रपदात तुळशीचा ताप हटेना, खोकला थांबेना, तेव्हा आवडाबाई तिला बैलगाडीत घालून मुरूडच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी पाठीला नळी लावून पाहिलं, म्हातारीला बाहेर बोलावलं आणि त्या आजाराचं नाव घेतलं. नाव ऐकताच तिने पदर तोंडाला लावला.

"औषध देतो," डॉक्टर म्हणाले, "पण औषधावर भिस्त ठेवू नका. खाणं द्या. मोकळी हवा द्या. रोज दोन अंडी, एक दिवस चुकवू नका. हा हिवाळा काढला तर बाई वाचेल."

परतताना आवडाबाईने मनाशी दोन गोष्टी ठरवल्या. एक, अंडी चुकवायची नाहीत. दुसरी, नाव कोणाला सांगायचं नाही. नाव कळलं की वाडी कशी वागते हे तिने रावजीच्या बायकोच्या वेळी पाहिलं होतं. विहिरीवर हंडा लावू देईनात, दारावरून जाताना माणसं पलीकडच्या कडेने जात. मरायच्या आधीच माणसाला गावाबाहेर काढायची ही रीत. तेव्हा आवडाबाईही पलीकडच्या कडेनेच गेली होती, हे ती विसरली नव्हती. म्हणून तिने सगळ्यांना सांगितलं, पोरीच्या अंगात कसर आहे, जाईल.

आणखी एक गोष्ट होती, ती तर तिने स्वतःलाही धड सांगितली नव्हती. आषाढात लावणीच्या वेळी तुळशी म्हणाली होती, आत्याबाय, अंग तापलंय, आज नको. आणि ही म्हणाली होती, आम्ही बाळंतपणाच्या दहाव्या दिवशी चिखलात उभ्या राहिलो, तापाचं काय कौतुक! तुळशी दिवसभर पावसात वाकून उभी राहिली. दुसर्‍या दिवशीही. सासूचं तोंड म्हणजे एकदा सुटलेला बैल. तो परत दावणीला आणता येत नाही.

घरात सात कोंबड्या होत्या आणि एक तांबडा कोंबडा. आश्विनात रोज चार-पाच अंडी मिळत. आवडाबाई त्यातली दोन चुलीच्या राखेत भाजून तुळशीला देई आणि ती गिळेपर्यंत समोरून हलत नसे. पण थंडी पडू लागली तशी अंडी चाराची दोन झाली, दोनाचं एक झालं. दिवाळीच्या पाडव्याला तिने खुराड्यात हात घातला तर नुसता पेंढा हाताला लागला. थंडीत कोंबड्या अंडी आखडतात, हे तिला काही नवीन नव्हतं. जन्मभर तसंच पाहिलं होतं, पण आजवर कोणी त्यांना जाब विचारला नव्हता. वाडीत घरोघर हीच गत. मुरूडच्या बाजारातसुद्धा अंडं औषधाला मिळेना.

भाऊबीजेला तिचा भाऊ काळूराम आला. तो मुंबईला एका साहेबाच्या बंगल्यावर खानसामा होता आणि बोलताना हातात अदृश्य तबक धरल्यासारखा उभा राही. बहिणीने ओवाळलं आणि ओवाळता ओवाळता रडू लागली. आजाराचं नाव आणि बंद झालेली अंडी, दोन्ही त्याला सांगितलं. ज्याला वाडीत राहायचं नव्हतं, असा तो एकटाच होता.

काळूरामने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एवढंच ना? आमच्या मडमेनं पांढर्‍या विलायती कोंबड्या पाळल्यात. थंडीत त्यांनी बी अंडी बंद केली. तर मडमेनं पुस्तक काढलं. पुस्तकात लिवलंय, कोंबडी थंडीला भीत न्हाय, दिवस ल्हान झाला की बंद करते. म्हणून मला हुकूम! पहाटं तीनला उठायचं, जाळीत कंदील टांगायचा. कोंबड्यांना वाटतं उजाडलं."

"आणि घालतात?"

"घालतात तर! नाताळचा केक मी त्याच अंड्यांचा करतो."

आवडाबाईने नाक मुरडलं. "मुक्या जीवाला असं फशवायचं?"

"बाय, मडमेला केक पायजे, तुला सून पायजे. बघ तुझं तू."

मग त्याने सगळं नीट समजावलं. कोंबड्या जाग्या झाल्या की दाणापाणी द्यायचं. कंदील विझवायचा तो पुरतं उजाडल्यावर. आणि एक पहाटही चुकवायची नाही. खाडा झाला की कोंबडी बिथरते, पिसं टाकते, मग शिमग्यापर्यंत अंडं दिसत नाही. "आणि कोंबडा आत ठेवू नकोस," तो म्हणाला. "मडमेच्या जाळीत कोंबडाच न्हाय. तरी अंडी येतात."

ह्यावर आवडाबाई दोन महिन्यांत पहिल्यांदा हसली. "नवर्‍याबिगर अंडी? विलायतेत असंल तसं. आमच्याकडं नसतं."

तिथेच तिची चूक झाली. पण तिला चूक म्हणून कोण सांगणार? वाडीतल्या कुठल्याही बाईने तेच म्हटलं असतं.

खुराड्यात कंदील मावत नव्हता. तिने कोंबड्या रिकाम्या गोठ्यात हलवल्या, वाशाला कंदील टांगला आणि त्यांच्याबरोबर तांबड्यालाही आडूवर, निजायच्या आडव्या दांडीवर, बसवलं. गोठ्याचा कूड कारवीचा, त्यात पेंढा रचलेला. त्यामुळे कंदील लावून परत अंथरुणात शिरायची सोय नव्हती. ठिणगी पडली तर घर, सून, कोंबड्या सगळंच एकदम सुटायचं. म्हणजे पहाटे तीनला उठायचं आणि उजाडेपर्यंत तिथेच घोंगडी पांघरून बसायचं.

तीन वाजले हे कळणार कसं? काळूरामकडे साहेबाने दिलेलं घड्याळ होतं. आवडाबाईकडे तुळशीचा खोकला होता. रात्रीचा पहिला भाग पोरीला कशीबशी झोप लागे आणि तिसरा प्रहर सरता सरता खोकल्याची अशी उबळ येई, की आडावरचा राहाट कोरडा फिरतोय असं वाटे. एक दिवस त्यात खंड नाही. ती उबळ आली की आवडाबाई उठायची, तुळशीची पाठ चोळायची, गरम पाण्याचा घोट द्यायची, आणि ती निपचित पडली की कंदील घेऊन गोठ्यात जायची.

पहिले पंधरा दिवस काहीच नाही. कोंबड्या डोळे मिचकावत तिच्याकडे बघत, जणू विचारत, तुला काय झालंय बाई? ती तांदळाची कणी टाकी, सुकटीचा चुरा टाकी, त्या मुकाट्याने टिपत आणि वर अंडं मात्र देत नसत. अठराव्या दिवशी मानेवर पिसं नसलेल्या बोडकीने एक अंडं घातलं. आवडाबाई ते ओच्यात घेऊन घरात गेली आणि झोपलेल्या तुळशीच्या गालाला लावलं. अजून गरम होतं. आणखी आठ दिवसांनी रोजची दोन-तीन मिळू लागली.

पण शरीर शरीर असतं. ती चूल फुंकता फुंकता झोपू लागली. धुणं धुताना तिचा हात दगडावर तसाच राही. एकदा वाडीतल्या नीराबाईच्या घरी बारशाला गेली आणि पाळणा म्हणायच्या आधीच भिंतीला टेकून घोरायला लागली. बायका हसल्या. हिने डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं तर, "कणी टाकली का?"

तुळशीला सगळं कळत होतं. एकदा पाठ चोळून घेताना ती म्हणाली, "आत्याबाय, कोंबड्यांना तरी निजू द्या."

"कोंबड्यांची काळजी कोंबड्या करतील. तू पाणी पी."

"माझ्यापायी सगळ्यांची झोपमोड."

"आषाढात माझं ऐकलंस ना? मग आता बी ऐक," आवडाबाई म्हणाली, आणि बोलून झाल्यावर कंदील उचलून घाईघाईने बाहेर गेली. गोठ्यात तिने तोंडात पदर कोंबला आणि पोटभर रडून घेतलं.

आता तांबड्याची गोष्ट. आपल्याकडे म्हणतात, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. इथे उलटी तर्‍हा झाली. डोळ्यांपुढे कंदील आला की तांबडा मान ताठ करून आरवायला लागे. त्याला कोण सांगणार, की सूर्य अजून पार पलीकडे आहे! वाडीत कोंबडे काही कमी नव्हते, पण तांबडा सगळ्यांत जबरा; तो आरवला की बाकीचे मान देऊन मागोमाग आरवत. आणि वाडीचं सगळं चालायचं कोंबड्यावर. पहिल्या कोंबड्याला जात्यावर बसायचं, दुसर्‍या कोंबड्याला टोपली डोक्यावर घेऊन मुरूडच्या बाजाराची वाट धरायची. घड्याळ होतं एक, शाळेतल्या मास्तरांकडे, आणि ते गेल्या पावसाळ्यापासून बंद होतं.

मार्गशीर्षात वाडी पेंगायला लागली. बायकांची दळणं संपत, भाकर्‍या थापून होत, तरी बाहेर काळाकुट्ट अंधार. मुरूडला बाजाराच्या दाराशी टोपल्या पुढ्यात घेऊन कुडकुडत बसावं लागे. यंदा रात्र मोठी आहे, असं म्हातारी माणसं म्हणू लागली. गुणाजी हा वाडीचा पुढारी, त्याने एका पहाटे उठून पाहिलं, तर आवडाबाईच्या गोठ्याच्या कुडातून उजेडाच्या रेघा बाहेर पडलेल्या.

तो सकाळी दारात आला. "आवडावहिनी, काय चालवलंय? सगळ्या वाडीला मध्यरात्री उठवता? कोंबडा कापा नाहीतर कंदील विझवा."

"कोंबडा गावदेवीला बोललाय," ती म्हणाली. हे खरं होतं. तुळशी आपल्या पायांनी देवळात आली की तांबडा तुला, असा नवस तिने केला होता. बोललेला कोंबडा आधी कापायचा म्हणजे देवीच्या तोंडचा घास काढायचा.

"मग कंदील कशाला?"

"मुंगूस येतंय," ती म्हणाली. तोंडाला आलं ते बोलली. गुणाजी मान हलवत गेला. त्या रात्रीपासून तिने तांबड्यावर डालं पालथं घातलं, वर गोणपाट टाकलं, त्यावर स्वतःची घोंगडी टाकली आणि आपण थंडीत बसली. तांबडा आतून आरवला. आवाज जरा घोगरा आला, एवढाच फरक. गोठ्याबाहेर त्याला ठेवायचं तिच्या मनात आलं, पण अंडी बंद पडली तर? दोन अंड्यांवर एक जीव होता.

पौषात एका पहाटे सोनूबाई बाजाराला निघाली. ही आवडाबाईची सख्खी शेजारीण, दोघी एकाच वर्षी लग्न होऊन वाडीत आलेल्या. कोंबडा आरवला म्हणून ती वांग्यांची टोपली घेऊन निघाली, खाजणाच्या बांधावर अंधारात पाय घसरला, आणि उजवा हात मनगटात मोडला. उजाडेपर्यंत ती बांधाखाली चिखलात पडून हाका मारत होती. पाय घसरला तेव्हा उजाडायला अजून दोन तास होते.

हाडवैद्याने हात बांधला. दुपारी आवडाबाई तिच्या घरी गेली. रिकाम्या हाताने जायची लाज वाटली म्हणून त्या दिवशीची दोन अंडी पदराखाली घेतली. सोनूबाई भिंतीला टेकून बसली होती, हात गळ्यात. आवडाबाईने अंडी तिच्या पुढ्यात ठेवली.

सोनूबाई अंड्यांकडे बघत राहिली. "अंडी? ह्या दिवसांत?" ती म्हणाली. "माझ्या कोंबड्या कार्तिकापास्नं बंद पडल्यात. वाडीत कोणाकडं एक न्हाय. तुझ्याकडं कुठनं?"

आवडाबाईला दोन-अडीच महिन्यांची झोप एकदम डोळ्यांवर आली असं वाटलं. खोटं बोलायलाही अंगात त्राण लागतं. ते आता उरलं नव्हतं. ती तिथेच जमिनीवर बसली आणि तिने सांगितलं. कंदील सांगितला, मडमेचं पुस्तक सांगितलं, डॉक्टरांनी घेतलेलं नाव सांगितलं. आषाढातली लावणीसुद्धा सांगितली, जी तिने काळूरामलाही सांगितली नव्हती.

सोनूबाईने गळ्यातला हात सावरला. मग म्हणाली, "दसर्‍याला तुळशी माझ्या घरी पाणी प्याली." तिची नजर कोपर्‍यातल्या तांब्याकडे गेली. आवडाबाई उठू लागली.

"बस खाली!" सोनूबाई ओरडली. "आधी सांगितलं असतंस तर मी त्या कोंबड्यावर निघाले असते का? पस्तीस वर्षांची शेजारीण मी. मला मुंगूस सांगतेस? हात माझा मोडला, तुझा न्हाय!" आणि तिला रडू आलं. दोघीही रडल्या. एकीला एका हाताने डोळे पुसावे लागत होते, म्हणून दुसरीने तिचे पुसले.

निघताना सोनूबाईने अंडी परत तिच्या ओच्यात घातली. "घेऊन जा. दोन्ही. चुकवू नको म्हणालाय ना डागदर?"

संध्याकाळी दिवेलागणीला ती गोठ्याच्या दारात हजर. डाव्या हातात डालं. "तांबड्याला दे माझ्याकडं."

"अगं, पण अंडी..."

"दिवसभर तुझ्या कोंबड्यांत असंल की तो! रातच्याला निजायला माझ्याकडं. रातच्याला कुठला संसार करतो तो? आडूवर निजतोच ना?"

एवढी साधी गोष्ट. पण ती सुचायला कोणाला तरी खरं सांगावं लागत होतं, आणि तेवढंच तिने केलं नव्हतं.

सोनूबाईने वाडीत सांगितलं, हात मोडल्याने मला बाजार बंद, करमत नाही, म्हणून आवडाबाईचा कोंबडा सोबतीला आणलाय. बायका पदराआड हसल्या. सोनूबाईने हसू दिलं. नाव मात्र तिच्या तोंडून एकदाही बाहेर पडलं नाही. तांबडा तिच्या अंधार्‍या खोलीत मुकाट निजू लागला आणि खर्‍या पहाटे आरवू लागला. वाडी पुन्हा वेळेवर उठू लागली आणि वेळेवर कुरकुरू लागली. रोज उजाडल्यावर सोनूबाई डालं घेऊन यायची, तांबड्याला कोंबड्यांत सोडायची, ओट्यावर बसून तुळशीला हाक मारायची आणि लांबूनच का होईना, दोन शब्द बोलून जायची. अंडी बंद पडली नाहीत. म्हणजे विलायतेचं आणि आपलं कोंबडीच्या बाबतीत एकच होतं, हे आवडाबाईने मनातल्या मनात कबूल केलं, काळूरामपुढे मात्र कधीच करणार नव्हती.

संक्रांत झाली. दिवस तिळातिळाने मोठा होतो म्हणतात. आवडाबाई रोज गोठ्यात बसून तो तीळ शोधत होती. तिचे डोळे खोल गेले, गुडघे धरले. खोकला आला की ती अंथरुणातून निम्मी झोपेतच उठे आणि कधीकधी पाठ चोळता चोळता तुळशीच्या खांद्यावर डोकं टेकून तशीच राही. मग तुळशीच तिला हलवून जागं करी. "आत्याबाय, कंदील," ती म्हणे.

माघातल्या एका सकाळी आवडाबाईने डोळे उघडले आणि समोरच्या भिंतीवर ऊन होतं.

ती ऊन बघत पडून राहिली. भिंतीवर ऊन म्हणजे काय, हे समजायलाच तिला वेळ लागला. मग समजलं. खाडा झाला. कंदील लावला नाही. आणि कंदील लावला नाही म्हणजे आपण उठलो नाही, आणि उठलो नाही म्हणजे खोकला आला नाही. रोज येणारा खोकला आला नाही.

तुळशीचं अंथरूण चार हातांवर होतं आणि तिला तिकडे मान वळवता येईना. कोंबड्या गेल्या, अंडी गेली, सगळं गेलं, असं मनात चाललं होतं. ती रांगतच त्या अंथरुणापर्यंत गेली. तुळशी कुशीवर होती, तोंड भिंतीकडे. आवडाबाईने हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला आणि तिच्या पाठीवर ठेवला.

पाठ कोमट होती. रोजच्यासारखी तापलेली नव्हती. हाताखाली ती हळूहळू वर आली आणि हळूहळू खाली गेली. पुन्हा वर आली. आवडाबाई हात तसाच ठेवून बसली. ती किती वेळ बसली, तिचं तिला ठाऊक नाही. एका रात्रीने आजार जात नाही, एवढं तिला कळत होतं. पण ही रात्र तर गेली होती.

बाहेर अंगणात पावलं वाजली. सोनूबाई डालं घेऊन आली होती. गोठ्यात डोकावून ती धावतच दाराशी आली.

"आवडे! आज कंदील न्हाय लावलास? काय झालं? तुळशी..."

आवडाबाईने ओठांवर बोट ठेवलं. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते तिने पुसलंही नाही.

"हळू बोल," ती म्हणाली. "आज तिनं मला उठवलंच न्हाय."